धामापूरचा तलाव : पाण्याची अमानत

कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणला जाताना काळसे गाव मागे पडले की धामापूरचा तलाव लागतो. भोवती झाडीने भरलेल्या टेकड्या, मध्ये संथ पाणी, काठावर भगवतीचे मंदिर आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या.

विजयनगर राजवटीतील मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये धामापूर व काळसे येथील ग्रामस्थांना सोबत घेऊन, टेकड्यांमध्ये मातीचा बांध घालून हे पाणी अडवले. कोकणात पाऊस धो धो पडतो. पण तीव्र उतारांवरून तो समुद्राला मिळतो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. जवळच कर्लीची खाडी आहे, पण खाडीचे पाणी खारे. म्हणून इथल्या भातशेतीला आणि माड-पोफळीच्या बागांना तलावाचाच आधार. मालवण शहरालाही पिण्याचे पाणी येथून जाते. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला.

गावात एक लोककथा सांगतात. घरात लग्न निघाले की लोक फुलांचे दागिने करून परडीत ठेवत आणि ती परडी तलावात सोडत. तसेच सोन्याचे दागिने घेऊन ती वर येई. लग्न झाले की दागिने परत करायचे. एकदा कुणीतरी ते परत केले नाहीत. तेव्हापासून परडी वर आली नाही.

कथा श्रद्धेची आहे, ज्याची त्याला. तिच्यातला बोध मात्र आपल्या ओळखीचा आहे : अमानत बुडवली की बरकत जाते. या तलावाचे खरे सोने पाणीच. टेकड्यांवरची झाडी तुटली तर माती वाहून येईल, गाळ साचेल. काठावर प्लास्टिक टाकले, साबणाने कपडे-गाड्या धुतल्या, तर ते कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातच जाईल. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. पाण्यात सर्वांचा वाटा आहे, हीही त्यांचीच शिकवण.

सुट्टीत मालवणला जाताना अनेक कुटुंबे येथे थांबतात. आपणही थांबावे, सावलीत बसून डबा खावा, मुलांना बांध दाखवावा आणि निघताना आपला कचरा पिशवीत भरून सोबत न्यावा. जवळपास पाचशे वर्षे पिढ्यांनी सांभाळलेले हे पाणी आपल्याकडे काही काळापुरते आहे. ते जसे मिळाले तसे पुढच्यांच्या हाती देण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो.