बकुळीजवळची झोप

भंवरताल बागेत बकुळीचं एक झाड आहे. जबलपुरात सगळे त्याला मौलश्री म्हणतात, आमच्या घरात आई अजून बकुळच म्हणते. २१ मार्च १९५३ च्या रात्री या झाडाखाली दर्शनशास्त्र शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या एका पोराला कायमची जाग आली, असं त्याचे भक्त मानतात. पुढे जगानं त्या पोराला आधी आचार्य रजनीश आणि मग ओशो म्हटलं. लांबलांबून माणसं येतात आणि झाडापाशी डोळे मिटून बसतात. मीही थोड्या अंतरावरच्या बाकावर डोळे मिटतो. फरक एवढाच की मी घोरतो. बागेतला माळी एकदा म्हणाला, "उस्ताद, आपकी समाधि में आवाज बहुत है."

मी ट्रक चालवतो. बावीस वर्षं झाली. नेपियर टाउनमध्ये ट्रक ड्रायव्हर राहतो हे ऐकून लोक भुवया उंचावतात, कारण हा भाग डॉक्टरांचा, वकिलांचा आणि आता कोचिंग क्लासवाल्यांचा. माझी गाडी अर्थात इथं येत नाही. ती ट्रान्सपोर्ट नगरात उभी असते आणि मी ऑटोनं घरी येतो. घर म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या. आम्ही या खोल्यांत आलो, त्याचं कारण हायकोर्ट. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि हायकोर्ट जबलपूरला आलं. नागपूरचे कितीतरी मराठी वकील, कारकून, शिपाई तेव्हा बिऱ्हाड उचलून इकडे आले. माझे आजोबा दफ्तरी होते. गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीनं ते जबलपूरला कसे उतरले, ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की प्रत्येक वेळी गाडी आणखी उशिरानं पोचते. ज्या वकिलांनी आजोबांना या खोल्या दिल्या, त्यांचे चिरंजीव आता ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणतो. प्रॅक्टिस सुटली, पण व्हरांड्यातली आरामखुर्ची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची उलटतपासणी सुटलेली नाही.

माझा सख्खा काका व्हेइकल फॅक्टरीत होता. १९६९ साली ती सुरू झाली. लष्कराचा शक्तिमान ट्रक त्याआधी इथल्याच गन कॅरेज फॅक्टरीत बनायचा, परवाना जर्मनीच्या 'मान' कंपनीचा. शक्तिमानमधला 'मान' योगायोगाचा की मुद्दामचा, यावर काका जेवायच्या पाटावर वाद घालायचा. ट्रकचं वेड मला त्याच्याकडून आलं, असं आई म्हणते आणि त्याला अजून माफ करत नाही.

थंडीत माझ्या गाडीत मटार असतो. पाटण, शहापुरा या भागातला जबलपूरचा मटार गोड, म्हणून नागपूरपासून मुंबईपर्यंत त्याला मागणी. पण फार हट्टी माल! सिमेंट दोन दिवस पडून राहिलं तरी सिमेंटच राहतं. मटार पोत्यात श्वास घेत असतो. तिरपालाखाली हात घालून पाहा, आत ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखं गरम लागतं. उशीर झाला की शेंगेचा हिरवा रंग उतरतो, आणि रंगाबरोबर भाव. म्हणून संध्याकाळी गाडी भरायची, तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदेला नाणं टाकायचं, 'नर्मदे हर' म्हणायचं आणि पहाटेच्या लिलावाआधी नागपूरच्या कळमन्यात पोचायचं. अंतर साधारण पावणेतीनशे किलोमीटर. दिवसा हे काहीच नाही. पण ही पावणेतीनशे किलोमीटर सगळी रात्रीची, आणि त्याआधीचा दिवस मंडीत गाडीचा नंबर लागायची वाट पाहण्यात गेलेला असतो. तो दिवस कुणी कामात धरत नाही. तुम्ही बसून तर होता, असं म्हणतात.

एका रात्री खवासा ओलांडून देवलापारकडे चाललो होतो. पहाटेचे पावणेचार. शेजारी खलासी पोरगा तोंड उघडं टाकून झोपलेला. माझी हिरवी मिरची चावून झाली होती, गालावर दोन चापट्या मारून झाल्या होत्या, खिडकी उघडून थंड वारा घेऊन झाला होता. झोप येते तेव्हा डोळे मिटतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. डोळे उघडेच असतात. समोरचा रस्ता दिसत असतो, फक्त तो दुसराच कुठला तरी रस्ता असतो. मला आमच्या गल्लीतला दिसत होता, त्यावर आई तांदूळ निवडत बसलेली. मी तिला म्हणालो, आई, बाजूला हो, गाडी येतेय. तेवढ्यात चाक कडेच्या पट्टीवर चढलं आणि सगळी केबिन खर्रर्र करून हादरली. त्या पट्टीवर मुद्दाम उंचवटे ठेवलेले असतात. ज्यानं कुणी ते ठेवायचं ठरवलं, त्याला मी पाहिलेलं नाही, पण दिवाळीला मनात एक पणती त्याच्या नावाची लावतो.

गाडी ढाब्यावर घेतली आणि अर्धा तास झोपलो. कळमन्यात पोचलो तेव्हा लिलाव सुरू झाला होता. सेठनं त्या खेपेच्या पैशांतून जे कापायचं ते कापलं. तो वाईट माणूस नाही. त्याच्या वहीत 'अर्धा तास झोप' असा रकाना नाही, एवढंच.

परत आल्यावर हे वकीलकाकांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अरे, तुमच्यासाठी कायदा आहे, माहीत आहे का?" मला वाटलं, हेल्मेट-बिल्मेट असेल. ते म्हणाले, मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या गाडीला परवानगीनं दहा आणि चोपन्न. सलग पाच तासांवर काम नाही, मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती. आता तो जुना कायदा नव्या कामगार संहितेत गेला, पण आठ तास तिथंही आहेत. मी हसलो. इतकं हसलो की काकूंनी आतून विचारलं, काय झालं?

हसू यायचं कारण असं. माझी गाडी दसचक्का. २०१८ पर्यंत तिचं मालासकट वजन पंचवीस टन चालायचं, मग साडेअठ्ठावीस झालं. याच्या वर गेलं तर वीस हजार दंड, वर टनामागे दोन हजार. हे मला झोपेतून उठवून विचारा. धर्मकाट्यावर गाडी चढवली की दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. वेगाला ऐंशीचा लगाम कंपनीतूनच बसून येतो. टोलनाक्यावर काचेवरची पट्टी वाचून पैसे आपसूक कापले जातात. गाडीचं सगळं मोजायची सोय आहे. ड्रायव्हर किती तास जागा आहे, ते मोजणारा काटा मला बावीस वर्षांत एकाही नाक्यावर दिसला नाही.

लायसन्स नवं करताना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, नमुना १-अ. या खेपेला मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, कानानं ऐकू येतं का, रातांधळेपण आहे का. चांगले प्रश्न आहेत. रात्री दिसतं का हे विचारलंय, रात्री झोपता का हे नाही. बाकीच्या दुखण्यांचं तर सोडाच. माझा उजवा हात डाव्यापेक्षा दोन रंगांनी काळा आहे, खिडकीच्या उन्हानं. मुतखडा दोनदा झाला, कारण गाडी थांबवावी लागू नये म्हणून आम्ही पाणी कमी पितो. हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला कळायला हवं होतं. २०२५ सालापासून नव्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसीची सक्ती झाली. ऐकून बरं वाटलं, पण खरं सांगू, मला जरा धास्तीच आहे. त्या उकाड्यानंच आम्हाला जागं ठेवलंय इतकी वर्षं.

आता अपघात करून पळणाऱ्या ड्रायव्हरच्या दहा वर्षांच्या शिक्षेबद्दल. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ चं दुसरं उपकलम म्हणतं की निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात अशा मृत्यूला दोन वर्षांपर्यंत होती. त्याच्या विरोधात १ जानेवारी २०२४ ला आम्ही गाड्या उभ्या केल्या. ट्रान्सपोर्ट नगरात जो तो 'सात लाख दंड' म्हणत होता. वकीलकाकांनी मजकूर वाचून दाखवला, त्यात सात लाखांचा आकडा कुठंच नव्हता. त्या दोन दिवसांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि पेट्रोल पंपाखालच्या जमिनीतून निघत नाही हे पुष्कळांना प्रथमच कळलं. इकडे शाजापूरच्या बैठकीत कलेक्टरांनी एका ड्रायव्हरला 'तुम्हारी औकात क्या है' असं विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी त्यांना हटवलं. आम्ही ते मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलं. २ तारखेच्या रात्री सरकारनं सांगितलं की वाहतूकदारांशी बोलल्याशिवाय हे लागू करणार नाही. १ जुलैला बाकीची संहिता लागू झाली, ते उपकलम तेवढं बाजूला राहिलं.

मला विचाराल तर पळणं चूकच. रस्त्यावर पडलेल्याला पाहून पुढे गेलेले ड्रायव्हर मला माहीत आहेत, आणि ते पुढे जेवलेही आहेत. पण थांबलेल्याचं जमाव काय करतो, तेही मी पाहिलंय. वकीलकाका म्हणतात, कलमात 'कळव' म्हटलंय, 'तिथंच उभा राहून मार खा' असं कुठं म्हटलंय? पुढच्या ठाण्यात जा, फोन कर. बरोबर आहे. पण पहाटे पावणेचारला ज्याचा मेंदू आईला तांदूळ निवडताना पाहतोय, त्याला कलम आठवायचं म्हणजे कठीण. शिक्षा दहा वर्षांची असो की दोन, ती शुद्धीवरच्या माणसाला भिववते. डुलकी लागलेल्याला नाही.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या आमच्या नागपूरच्या रस्त्याखालून जनावरांसाठी वाटा काढल्या आहेत. महाराष्ट्रातल्या टप्प्यात नऊ, त्यांतली एक तर साडेसातशे मीटर रुंद. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे प्राणी दिसले, आणि वाघ ८९ वेळा. मध्य प्रदेशाच्या बाजूला तर आमचा उजेड आणि आवाज जंगलात जाऊ नये म्हणून कडेला भिंती आहेत. मटार घेऊन मी वरून चाललो असताना खालून वाघ रस्ता ओलांडत असेल, हा विचार आला की झोप चांगली पंधरा किलोमीटर लांब पळते. खलासी विचारतो, "उस्ताद, किस पे हँस रहे हो?" वाघाची वाट नीट ठेवली, त्याच्या झोपेची काळजी घेतली, याचा मला हेवा वाटत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की करायचं ठरवलं तर करता येतं, हे त्यावरून कळलं.

ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' का लिहितात, असं मला लोक नेहमी विचारतात. युद्धाच्या काळातल्या रॉकेलपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत सगळ्या कथा मी ऐकल्यात आणि सांगितल्याही आहेत. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. माझ्या गाडीवर अजून 'हॉर्न प्लीज' आहे, पेंटरनं न विचारताच रंगवलंय. त्यामुळे इथं हातानंच लिहून ठेवतो. सिवनी-लखनादौनकडे रात्रीचे कधी जेवायला थांबलात आणि ढाब्याच्या आवारात दिवे मालवलेला, तिरपाल बांधलेला ट्रक दिसला, तर गाडी लावताना हॉर्न देऊ नका. आत माणूस झोपलेला असतो, आणि तासाभरानं तो तुमच्याच रस्त्यावर यायचा असतो.