वाऱ्याची खालची बाजू

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. रिलीज होतं वगैरे नेहमीची कारणं आहेतच, पण खरं कारण म्हणजे एक कोकरू. ते काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. आज लिहूनच टाकतो.

जानेवारीतल्या लाँग वीकेंडला कुंभार पिंपळगावला गेलो होतो. माझं आजोळ. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. तरीही पत्ता लागत नसेल तर रामदास स्वामींचं जन्मगाव जांब समर्थ, त्याच भागातलं. एवढं सांगितलं की पुण्यातली मंडळी "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि विषय बदलतात. असो. अहिल्यानगर, शेवगाव, पैठण, पाचोड, अंबड अशी गाडी हाणत शुक्रवारी रात्री पोचलो. बॅगेत या वेळी एक मोलाची वस्तू होती. ऑफिसातल्या मित्राच्या हातापाया पडून मिळवलेली थर्मल दुर्बीण.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधं नाईट व्हिजन असलेला थोडाफार उजेड वाढवून दाखवतं. थर्मलला उजेडाशी काही देणंघेणं नाही. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण सोडत असते. त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रॉनचे किरण हा सेन्सर पकडतो आणि तापमानातल्या फरकाचं चित्र काढतो. अंगात ऊब असलेला प्राणी काळ्या वावरात पांढराशुभ्र उठून दिसतो. गंमत म्हणजे हे किरण साध्या काचेतून आरपार जात नाहीत. पहिल्या रात्री मी थंडी वाजते म्हणून गाडीच्या बंद काचेतून ऐटीत बघायला गेलो, तर काचेत माझंच भूत दिसलं!

दुर्बीण मिळणार हे कळल्यापासून मी महिनाभर रात्री जागून व्हिडिओ बघत होतो. अमेरिकेत कायोटी नावाचा प्राणी आहे, आपल्या कोल्ह्याचा भाऊबंदच म्हणा. तिथले शिकारी रात्री माळावर स्पीकर ठेवून जखमी सशाचं रडणं वाजवतात आणि थर्मल लावून वाट बघत बसतात. पण कायोटी काही बावळट नाही. तो बऱ्याचदा सरळ आवाजाकडे येतच नाही. लांबून वळसा घालून तो आवाजाच्या खालच्या अंगाला जातो, म्हणजे वारा वाहत जिकडे जातो तिकडे. तिथे उभं राहून नाकाने खात्री करून घेतो. ससा असेल तर सशाचा वास यायला हवा ना! म्हणून जाणता शिकारी वारा आडवा घेऊन बसतो, आपला वास भलतीकडे जाईल असं बघतो आणि नजर ठेवतो ती आवाजाच्या खालच्या अंगावर. खिशात टाल्कम पावडर असते. चिमूटभर उडवली की वारा कुठे चाललाय ते कळतं.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. जिम कॉर्बेटने १९३८ साली ठाकच्या नरभक्षक वाघिणीला वाघाच्या हाका घालून बोलावलं होतं. वाऱ्याबद्दल त्याने जे लिहून ठेवलंय ते मला भारी वाटतं. माणसाला वास येत नाही हे वाघाला कुठे माहीत असतं? तो माणसालाही इतर जनावरांसारखाच समजतो आणि समोरून वारा घेत येतो, नाहीतर वाऱ्याच्या खालच्या अंगाला दबा धरून बसतो. हे उमगल्यावर रानात चालताना कॉर्बेटची धास्ती निम्मी झाली. वारा कुठून आहे तेवढं बघायचं, की धोक्याची बाजू कळली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि लांडगा त्या कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. मला तर नुसतं बघायचं होतं. जमलं तर रेकॉर्डिंग. मोबाईलमध्ये सशाचं रडणं मात्र डाउनलोड करून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी मामांना वाजवून दाखवलं. मामींनी आतून विचारलं, "कोण मेलं?"

मामा म्हणाले, "भाचे, कामून फसवता मुक्या जनावराला? कायद्यात आमिष दाखवणं बी शिकारच हाय. अन् सशाचं रडणं लागतंय कशाला? आपल्या वावरात धनगर बसलाय. कोकरं रात्रभर आयांना हाका मारतात. ज्याला यायचं त्याला तेवढं पुरं हाय."

मी मोबाईल खिशात घातला. स्पीकर तर वावरात आधीच चालू होता.

मामांचं वावर उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतं. वर मोसंबीची बाग, खाली ओढा. मधल्या पट्ट्यातली तूर निघाली होती आणि तिथे मेंढरं बसवली होती. दोनेकशे मेंढरं एका जाळीत, कोकरं बाजूच्या छोट्या जाळीत. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्यांचं खत जागच्या जागी पडतं. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो नाहीतर पैसे. चार-पाच रात्री एका वावरात, मग बिऱ्हाड घोड्यावर टाकून पुढच्या वावरात.

धनगरबाबा सत्तरीचे असतील. दुर्बिणीतून त्यांनी एकदा स्वतःची मेंढरं बघितली, "कापूस सांडल्यावाणी दिसतंय" म्हणाले आणि परत दिली. विषय संपला. अंधार पडल्यावर त्यांनी चुलीतली चिमूटभर राख घेतली आणि हवेत सोडली. मला वाटलं देवाचं काही असेल. राख ओढ्याकडे गेली. मी मोबाईल बघितला, वारा ईशान्येचा, ताशी ५ किलोमीटर. म्हटलं, अरे, ही तर आपली टाल्कम पावडर!

मग बाबांनी मांडणी केली. स्वतःचं घोंगडं कोकरांच्या जाळीच्या खाली, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर. दोन्ही कुत्री तिथेच. मला जाळीच्या आग्नेयेला, बाभळीखाली बसवलं. समोर दोनेकशे मीटरवर ओढा. "पाव्हणं, इथनं हलू नका. झोप आली तर इथंच निजा," एवढंच म्हणाले. मला वाटलं, किती चांगली सीट दिली. अख्खा ओढा समोर.

सुरुवातीला थर्मलवर नुसता गोंधळ. दिवसभर तापलेले दगड, ढेकळं सगळीच चमकत होती. रात्र चढली तशी जमीन निवत गेली आणि चित्र स्वच्छ झालं. एक ससा दिसला. एक रानमांजर बांधावरून गेलं. दोनच्या सुमाराला ओढ्याच्या काठावर तो दिसला. लांब पाय, शेपूट खाली. उभा होता, नाक वर करून. कोकरं ओरडत होती आणि तो जागचा हलत नव्हता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. या दुर्बिणीत दोनशे मीटरवर तो म्हणजे बोटभर चित्र. रेकॉर्डिंग करावं असं काहीच नाही.

मोबाईल म्हणत होता, वारा शांत. पण मोबाईलवरचा वारा हा साधारण दहा मीटर उंचीवरचा अंदाज असतो. मी बाबांची युक्ती केली, येताना चुलीतली थोडी राख कागदात बांधून आणली होती ती सोडली. ती तरंगत तरंगत ओढ्याकडे निघाली. मोकळ्या आभाळाच्या रात्री जमीन झपाट्याने निवते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहत जाते. बाकी रान शांत असलं तरी. म्हणजे माझा वास, अंगाला चोपडलेल्या डासांच्या क्रीमसकट, थेट त्याच्या नाकात जात होता. म्हणून तो येत नव्हता.

इथवर माझं सगळं बरोबर होतं बघा. वारा बरोबर ओळखला, कारण बरोबर शोधलं. आणि मग मी व्हिडिओत शिकलेला उपाय केला. गुपचूप उठलो, मेंढरांच्या वरच्या अंगाने वळसा घेतला आणि पश्चिमेच्या बांधावर जाऊन बसलो. आता माझा वास त्या बाजूने खाली जाणार होता, त्याच्यापासून लांब. वारा आडवा. अगदी पुस्तकात असावं तसं.

पंधरा-वीस मिनिटांत तो आला. सरळ बाभळीवरून. मी जिथून उठलो होतो तिथूनच.

कुत्र्यांना पत्ता नव्हता, कारण त्यांचा वास खाली जात होता, त्याचा वर येत नव्हता. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. स्क्रीनवर तो मोठा मोठा होत गेला, कान दिसले, मान दिसली. मी श्वास धरून बघत होतो. तो जाळीला तोंड लावेपर्यंत मला ओरडायचं सुचलंच नाही. खरं सांगतो, सुचलं नाही. मी तो बघत होतो म्हणजे काहीतरी करतोय असंच मला वाटत होतं. मग ओरडलो. कुत्री उठली, बाबा काठी घेऊन धावले, मेंढरं एका अंगाला दाटली. तोवर दोन पांढरे ठिपके ओढ्यात उतरले होते, एक मोठा आणि त्याच्या तोंडात एक लहान.

सकाळी बाबा मऊ मातीतले ठसे बघून आले. "लांडगंच हाय." मग बाभळीखाली गेले. माझी सतरंजी तिथेच पडली होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "तुमाला बघायला नव्हतं बसवलं, पाव्हणं. वासाला बसवलं होतं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो येणार खालूनच, कारण कोकरांचा वास खालीच जातो. म्हणून एका कोपऱ्यावर बाबा आणि कुत्री, दुसऱ्या कोपऱ्यावर मी. मी झोपलो असतो तरी चाललं असतं. माझं घामट अंग आणि ती डासांची क्रीम हेच त्या रात्रीचं कुंपण होतं. ते कुंपण मी उचलून दुसरीकडे नेलं.

लांडग्याने जनावर मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण त्याला पंचनामा लागतो. इथे पंचनामा करायला कोकरूच नव्हतं. मी बाबांना चार हजार रुपये दिले. मला वाटलं होतं ते नको नको म्हणतील आणि मला अजून वाईट वाटेल. त्यांनी मोजून घेतले आणि कमरेच्या पिशवीत ठेवले. ती मेंढी दिवसभर जाळीभोवती फिरत ओरडत होती. तिला कुठले चार हजार.

लांडग्यावर बाबांचा राग दिसला नाही. "त्याचं बी पोट हाय," म्हणाले. मामा मात्र जेवताना एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी मामा न बोलण्याची ही पहिलीच वेळ.

आमच्या कामात सिस्टीमवर लक्ष ठेवायला मॉनिटरिंग लावतात, आणि ते मॉनिटरिंगच सिस्टीमवर लोड टाकतं हे आम्ही नव्या पोरांना शिकवतो. बघणारा बाहेर नसतो, वगैरे. मीच किती वेळा शिकवलंय! आणि स्वतः बांधावर बसताना मला वाटत होतं की मी आपला प्रेक्षक. अमेरिकेतल्या शिकाऱ्याला वारा लागतो तो आपण तिथे नाही असं भासवायला. बाबांना लागतो तो आपण आहोत हे कळवायला. राख तीच, वारा तोच. मी बाबांच्या वावरात बसून शिकाऱ्याचा वारा वापरला.

रविवारी रात्री जेवण झाल्यावर सतरंजी घेऊन निघालो. मामांनी विचारलं, "दुर्बीण?" म्हटलं, राहू द्या. त्यांनी कोपऱ्यातलं जुनं घोंगडं काढून माझ्या खांद्यावर टाकलं. बोलणं सुरू झालं म्हणायचं. बाभळीखाली गेलो, चिमूटभर राख सोडली, ती ओढ्याकडे गेली. रात्रभर तिथेच बसलो. क्रीम जरा जास्तच लावली होती. ओढ्यात कोणी होतं की नाही, मला माहीत नाही. सकाळी कोकरं मोजली, सगळी होती.

दुर्बीण सोमवारी रात्री मित्राला परत केली. कार्डवर चाळीस सेकंदांची क्लिप होती. ती मी काढून घेतली आहे. कोणाला दाखवली नाही, आणि पुसायलाही हात होत नाही.

मामांना परवा फोन केला होता. धनगर पुढच्या गावाला गेले म्हणाले. असो. पुढच्या शनिवारी भेटू.