बॉक्स मोजू नका, ओहम मोजा

माझा भाचा कोल्हापुरात एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्नाचा हॉल, गणपतीचा मांडव, गावची जत्रा, जिथली सुपारी मिळेल तिथं. त्यानं हे काम धरलं तेव्हा घरात कुरकुर झाली. ‘आपल्या पोरानं गाणंबजावणं करायचं का?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगायचो, अल्लादिया खाँसाहेब याच कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. म्हणजे मी त्याच्या बाजूचा. म्हणूनच माझ्या हातून जे झालं ते जास्त लागलं.

त्याचा अ‍ॅम्प्लिफायर जुना, सेकंडहँड घेतलेला. त्यासाठी आपानं हातातल्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. अ‍ॅम्पच्या पाठीमागं लिहिलं होतं : 300 वॉट, किमान 4 ओहम. त्यावर तो 8 ओहमचे दोन बॉक्स लावायचा. एका मोठ्या हॉलच्या सुपारीला त्यानं मित्राकडून तसाच तिसरा बॉक्स आणला आणि मला विचारलं, ‘मामू, लावू का?’

मी भाषेचा शिक्षक. पण शिक्षकाला ‘माहीत नाही’ म्हणणं जड जातं. मी हिशेब केला : आठ, आठ आणि आठ चोवीस. चारपेक्षा चोवीस कितीतरी जास्त. ‘लाव की, काय होतंय!’

चौथ्या गाण्याला जळका वास आला. अ‍ॅम्प गेला आणि जाताना एका बॉक्सचा स्पीकरही घेऊन गेला. उरलेला कार्यक्रम बेसशिवाय झाला, पैसेही कापले गेले.

दुरुस्तीवाल्या काकांनी माझं चोवीसचं गणित ऐकलं आणि हसले. ‘सर, बॉक्स मोजू नका, ओहम मोजा.’ मग त्यांनी नळाचं उदाहरण दिलं. टाकीला एक तोटी असली तर पाणी बेतानं जातं. तीन तोट्या सोडल्या की वाट मोकळी होते, अडवणूक कमी होते. बॉक्सला बॉक्स वायरनं जोडला की ती समांतर जोडणी होते, तिथं ओहमची बेरीज होत नाही. 8 ओहमचे दोन बॉक्स मिळून 4, आणि तीन मिळून 2.67. अ‍ॅम्पची हद्द 4 ची होती. रोध कमी झाला, करंट वाढला, आतले ट्रान्झिस्टर तापून गेले.

‘रोध’ला उर्दूत ‘मुजाहमत’ म्हणतात. वर्गात मी हा शब्द विरोधाच्या अर्थानं शिकवतो. थोडी मुजाहमत असल्यावरच यंत्र टिकतं, हे मला त्या दुकानात कळलं.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. चांगल्या 8 ओहमच्या बॉक्सला मीटर लावला तर आकडा सहाच्या आसपास आला. बॉक्स खराब नव्हता. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. गाण्याचा सिग्नल मागेपुढे धावणारा असतो, त्याला होणारा अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, स्वरागणिक बदलतो. बॉक्सवर लिहितात तो सोयीचा, ठोकळ आकडा.

अ‍ॅम्प दुरुस्त झाला. जळालेल्या बॉक्सच्या जागी नवा घ्यायला गेलो. दुकानदारानं एकाच मापाचे दोन दाखवले, एक 4 ओहमचा, एक 8 चा. किंमत सारखी. ‘4 चा घ्या, अ‍ॅम्पची पूर्ण ताकद मिळेल.’ तो खोटं बोलत नव्हता. एकच बॉक्स वापरणाऱ्याला 4 चा ठीक. पण आमच्याकडे 8 चा एक शिल्लक होता. 4 आणि 8 एकत्र लावले तर पुन्हा तेच 2.67! शिवाय 4 चा बॉक्स 8 च्या दुप्पट ताकद ओढणार. 8 ला 8 जोडला तर बरोबर 4.

लहान हॉलमध्ये एकच 8 चा लावला तर ताकद साधारण निम्म्यावर येते. पण वॉट निम्मे झाले म्हणून आवाज निम्मा होत नाही. फरक 3 डेसिबलच्या आसपास. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात.

या वेळी मी तोंड उघडलं नाही. भाच्यानं पाठीमागचे आकडे स्वतः वाचले, मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाला, ‘8 चाच द्या.’

परवाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. बेसची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. ती कानापेक्षा खुर्चीतून जास्त कळते. आपा शेजारीच होती. तिच्या हातात अजून काचेच्याच बांगड्या आहेत. गहाणाचे हप्ते आता मी भरतो. चार राहिलेत.