उळ्याचं रिकामं पाकीट

नाशिकला सीबीएसजवळ, जिल्हा न्यायालयाच्या रस्त्याला मी चौदा वर्षं टायपिंग करते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि पावसाळ्यात नेमकं प्रिंटरवरच गळणारं छप्पर. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नोटिसा, मधूनमधून ग्राहक आयोगाच्या तक्रारी. ‘सेवेतील त्रुटी’, ‘अनुचित व्यापारी प्रथा’, ‘मानसिक व शारीरिक त्रासापोटी’ हे शब्द माझी बोटं झोपेतही उमटवतील. फ्रीजवाले, फ्लॅटवाले, विमावाले, सगळ्यांची गाऱ्हाणी मी टाईप केली. ‘तक्रारदार’ या शब्दापुढे कधी आमच्या नानांचं नाव टाकावं लागेल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

नाना म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात चार एकर वावर, त्यातलं अडीच एकर दरवर्षी उन्हाळ कांद्याला. 2023 सालची शिवरात्र नुकतीच झाली होती. दुपारी त्यांचा फोन आला. नाना कामाशिवाय फोन करत नाहीत आणि केला तर आधी विचारतात, “गिऱ्हाईक आहे का?” त्या दिवशी विचारलं नाही.

“डेंगळे येऊ राहिले गं. सगळ्या वावरात.”

कांदा न पिकवणाऱ्यांसाठी सांगते. डेंगळा म्हणजे पातीतून वर येणारा फुलाचा दांडा. तो आला की झाडाचा जीव दांड्यात जातो, कांदा पोसत नाही, त्याची मान जाड राहते. असा कांदा चाळीत ठेवला तर महिन्याभरात सडतो, आणि उन्हाळ कांद्याचा सगळा खेळ तर चाळीचा. एप्रिलात काढायचा आणि दिवाळीपर्यंत भाव बघत थोडा थोडा विकायचा. थंडी फार पडली, रोप जून झालं, लागवड लवकर झाली, तर शेकडा चार-पाच डेंगळे कोणाच्याही वावरात दिसतात. त्यासाठी कोणी मुलीला फोन करत नाही.

रविवारी गेले. वावर नव्हे, फुलांचा मळाच वाटावा असं दिसत होतं. नानांनी दोन कांदे उपटून हातात दिले. एक गडद लाल, दुसरा जोडकांदा. “हे उन्हाळचं बी नाही,” ते म्हणाले. “खरिपाचं मिसळलंय.” कांद्याच्या जातींना आपापला हंगाम असतो. एन-2-4-1 रब्बीची, बसवंत 780 खरिपाची. या दोन्ही जाती आमच्याच बाजूच्या, पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातल्या. एकीचं बी दुसरीच्या हंगामात लावलं तर झाड गोंधळतं. हे नानांना कोणी शिकवलेलं नाही, पन्नास वर्षं त्यांनी हेच पाहिलंय.

माझ्यातली टायपिस्ट जागी झाली. “पाकीट कुठंय?”

ऑक्टोबरात अर्ध्या अर्ध्या किलोची पंधरा पाकिटं आणली होती, पंधरा हजारांचं उळे, म्हणजे कांद्याचं बी. तेरा पाकिटं गोठ्यामागे कचऱ्याबरोबर पेटवलेली. चौदावं रोपाच्या वाफ्याच्या कडेला खुणेसाठी काठीत खोचलेलं. चार महिन्यांच्या उन्हानं ते इतकं पांढरं पडलं होतं की कांद्याचं चित्रही ओळखू येईना. पंधरावं आईनं धुऊन, वाळवून त्यात मेथीचं बी भरून फडताळात ठेवलं होतं. मेथी ताटात ओतली. मागच्या बाजूला लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख, शेवटची मुदत, सगळं शाबूत. आईनं विचारलं, “माझी मेथी आता कशात ठेवू?” त्या क्षणी मला आईपेक्षा मोठा कायदेपंडित नाशिक जिल्ह्यात कोणी वाटला नाही.

“आणि बिल?”

“बिल कसलं? वहीत मांडलंय.”

इथे गाडी अडली. नानांचं कृषी सेवा केंद्र गावातलंच, वीस वर्षांचं. उळे, खत, औषध सगळं उधारीवर, पैसे कांदा विकल्यावर. दुकानदार माझ्या लग्नात पंगतीत वाढायला होता. नाना त्याला बिल मागायला तयार होईनात. “खरिपाला खत कोण देणार? तू?”

दुकानात मग मीच गेले. दुकानदार म्हणाला, “ताई, आपल्यात बिल कशाला?” मी म्हटलं, “दादा, बियाणे नियंत्रण आदेश 1983 सालचा आहे. रोखीनं विका नाहीतर उधारीनं, पावती द्यावीच लागते.” हे वाक्य मी आदल्या रात्री पाठ केलं होतं, हे त्याला कळलं असावं. तो बराच वेळ वही चाळत बसला. शेवटी त्यानं बिल फाडलं, ऑक्टोबरच्या तारखेचं, लॉट नंबरसह. देताना एवढंच म्हणाला, “माझं नाव नका टाकू.”

त्याचं नाव टाकलं. ग्राहक पंचायतीच्या एका काकांनी सांगितलं म्हणून टाकलं. पुढे कंपनी ‘हे आमचं पाकीटच नाही’ म्हणाली तर ते विकणाराच सांगू शकणार होता. हे काका निवृत्त शिक्षक, बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हाच्या गोष्टी सांगणारे. माझ्या दुकानात ते इतरांच्या तक्रारी टाईप करून घ्यायला यायचे, आणि माझी मात्रा-वेलांटी चुकली की कान पकडायचे. त्यांनी पहिली ताकीद दिली: आयोगाकडे पळू नकोस, आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज दे, आणि पीक उभं असतानाच दे. कांदा काढल्यावर डेंगळा दाखवणार कुठे? दुसरी ताकीद: पाहणीच्या दिवशी कंपनीला लेखी नोटीस गेली की नाही, ते बघ. नाहीतर पुढे ‘आम्हाला न बोलावता पंचनामा केला’ हे त्यांचं पहिलं वाक्य असेल.

तालुक्याची बियाणे तक्रार निवारण समिती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वावरात आली. कृषी अधिकारी, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी. वावरात पाच ठिकाणी चौकोन आखून झाडं मोजली. शंभरात सदतीस डेंगळे, शिवाय जोडकांदे वेगळे. कंपनीचा पोरगा चांगला होता, नानांच्या घरी चहा प्यायला, पण पंचनाम्यावर सही करायची वेळ आली तेव्हा साहेबांना फोन लावत बांधावर चालत गेला तो दिसेनासाच झाला. त्याची सही नाही, अशी नोंद पंचनाम्यात झाली. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद होती, कारण शेजारच्या पोरानं मोबाइलवर ई-पीक पाहणी करून दिली होती. नानांना तेव्हा ती कटकट वाटलेली.

जूनमध्ये तक्रार टाईप केली. आयुष्यात पहिल्यांदा माझा कॉम्प्युटर बंद करून उठावंसं वाटलं. ‘तक्रारदार हे अल्पभूधारक शेतकरी असून’ इथपर्यंत आले आणि पुढे शब्द येईना. दुसऱ्यांच्या तक्रारीत ‘अतोनात नुकसान’ सहज लिहिते. आमच्या वावरात फुललेले डेंगळे डोळ्यांपुढे असताना ‘अतोनात’ हा शब्द खोटा वाटला. शेवटी तो काढून टाकला, आकडेच लिहिले. शुल्क लागलं नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ते नाहीच. वकीलही घेतला नाही. 20 जुलै 2020पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे परराज्यातली कंपनी नाशिकला आली.

कंपनीचा जबाब बत्तीस पानांचा होता. मी तो झेरॉक्सवाल्याच्या नजरेनं आधी वजनाला तोलला. पहिला मुद्दा, शेतकरी कांदा विकण्यासाठी पिकवतो, म्हणजे हा व्यापार, म्हणजे नाना ग्राहकच नव्हेत. दुसरा, बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही. तिसरा, थंडी. चौथा मुद्दा वाचून मला हसू आलं आणि मग रागही: त्या हंगामात कांद्याला भावच नव्हता, त्यामुळे नुकसान झालं ते भावामुळे. भाव पडले होते हे खरंच. लाल कांद्याला सरकारला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं, ते त्याच वर्षी. पण भाव पडले म्हणून आमचं उळे चांगलं कसं ठरतं?

पहिल्या दोन मुद्द्यांचं उत्तर काकांच्या पिशवीत होतं. जानेवारी 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात, राष्ट्रीय बीज निगमाच्या विरोधात, सांगून टाकलंय की बी विकत घेणारा शेतकरी ग्राहक असतो. आणि तपासणीचं म्हणाल तर, शेतकरी सगळं बी पेरतो, पुढे खटला होईल म्हणून मूठभर बाजूला काढून ठेवत नाही. लॉटचा नमुना आणि नोंदी सांभाळायच्या त्या विकणाऱ्यानं. म्हणजे कंपनीच्या गोदामात त्या लॉटचा नमुना असायला हवा, आणि तो कुठला हे सांगायला आमच्याकडे फक्त एक नंबर हवा. तो मेथीच्या पाकिटावर होता. त्या पाकिटाची मी रंगीत झेरॉक्स काढली, परिशिष्ट ‘क’. आईच्या मेथीचा वास मूळ पाकिटाला शेवटपर्यंत होता.

कायदा म्हणतो, तपासणी नको असेल तर तीन महिन्यांत निकाल, हवी असेल तर पाच. आम्हाला दोन वर्षं लागली. तारखांचं वर्णन करत नाही, न्यायालयाच्या रस्त्यावर दुकान असणाऱ्यानं तारखांबद्दल तक्रार करू नये.

मधल्या काळात दुकानदारानं उधारी बंद केली. भांडला नाही, फक्त “नाना, यंदा रोख” म्हणाला. नाना खतासाठी पिंपळगावला जाऊ लागले, टेम्पोचं भाडं वेगळं. आई मला फोनवर काही बोलायची नाही, पण गावी गेले की टेम्पोचं भाडं किती झालं ते न विचारता सांगायची.

मधल्याच एका डिसेंबरात काका मला एका तालुक्याच्या गावी घेऊन गेले, ग्राहक दिनाच्या कार्यक्रमाला. 1986 सालच्या कायद्याला 24 डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस. बाहेर गॅस एजन्सीचा स्टॉल, वजनमापं तपासणाऱ्यांचा स्टॉल, भिंतीवर ‘जागो ग्राहक जागो’ आणि 1915 हा हेल्पलाइनचा नंबर. आत भाषणं. ग्राहक राजा आहे, असं तीन वक्त्यांनी सांगितलं. समोर बसलेले बरेचसे राशन दुकानदार होते. त्यांना बोलावणं सोपं असावं. काकांनी मला पुढे ढकललं. मी पाकिटाची झेरॉक्स दाखवली आणि सांगितलं की पाकीट जाळू नका, बिल घ्या.

मागे उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, “ताई, उधारीवाल्यानं बिल कोणत्या तोंडानं मागायचं?”

मी 1983चा आदेश सांगितला. उधारीवर विकलं तरी पावती द्यावी लागते, न देणं ही आता नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

“तो आदेश खत देतो का उधार?” त्यानं विचारलं. लोक हसले. मीही हसले, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतीच्या बसमध्ये काका नेहमीसारखे बोलले नाहीत. ओझरच्या आसपास म्हणाले, “राजा म्हणायच्या आधी त्याच्या डोक्यावरचं कर्ज मोजायला हवं होतं.” मग चष्मा पुसत बसले.

2025च्या उन्हाळ्यात निकाल लागला. तक्रार अंशतः मंजूर. आम्ही मागितले होते दोन लाख पंच्याऐंशी हजार. लासलगाव बाजार समितीच्या सरासरी भावाचा दाखला धरून मिळाले एक लाख अठरा हजार, बियाण्याचे पंधरा हजार, त्रासाचे दहा, खर्चाचे पाच. दुकानदाराविरुद्धची तक्रार फेटाळली, त्यानं बंद पाकीट जसं आलं तसं विकलं होतं म्हणून. हे वाचून नानांना पैशांपेक्षा जास्त हायसं वाटलं. कंपनीला अपिलासाठी पंचेचाळीस दिवस होते. मी कॅलेंडरवर खुणा करत होते. अपील आलं नाही, चेक आला.

दुकानदार पेढे मागायला आला. नाना आतून पेढे घेऊन आले, आणि त्यानं खिशातून छापील बिलबुक काढून दाखवलं. उधारीचं बिल, वर मोठ्या अक्षरात ‘उधार’. “सगळ्यांनाच द्यायला लागलोय,” तो म्हणाला. किती जणांना देतो, मी विचारलं नाही. उधारी पुन्हा सुरू झाली.

उळे मात्र नाना आता विकत आणत नाहीत. विहिरीच्या कडेला पाच गुंठ्यांत निवडक कांदे लावून त्याचे मुद्दाम डेंगळे धरतात, घरचंच बी काढतात. गेल्या संक्रांतीला गेले तेव्हा ते दांडे कंबरेएवढे झाले होते, मधमाश्या घोंघावत होत्या. आईनं तिळगूळ देत मला विचारलं, “या बियाला ना पाकीट, ना नंबर. हे बिघडलं तर नोटीस कोणाला काढशील?”

“मला काढ,” नाना बांधावरून म्हणाले. “पण काकांना दाखवून काढ, मागच्या वेळी माझ्या नावातली वेलांटी चुकली होती.”