चाळिशीतली चाहूल

बेल्लमपल्लीच्या या कोळसा-वसाहतीत रात्रपाळीचा भोंगा वाजून गेला, यजमान खाणीवर रुजू झाले, आणि मी पुन्हा तपासणीचा तोच कागद उलगडून बसले आहे. चाळिसाव्या वर्षी गर्भवती होणाऱ्या स्त्रीच्या अर्भकात एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, म्हणजे ‘डाउन सिंड्रोम’, असण्याचा संभव सुमारे १०० मध्ये १ असतो आणि पंचविशीत तोच १२५० मध्ये १ इतका अल्प असतो, हे डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून दिले. परंतु ज्या नव्याण्णवांचा दिवसा आधार वाटतो, तेच रात्री त्या एकापुढे निष्प्रभ होतात.

रक्ताची चाचणी आणि सोनोग्राफी केवळ संभवाची मोजदाद करतात. खातरजमा हवी असेल तर गर्भजलाची परीक्षा, आणि तीत गर्भपाताचा किंचित का होईना, धोका. तिची तजवीज करावी की नाही, याचा ऊहापोह आम्ही उभयतांनी आठवडाभर केला आणि अखेर नको असे ठरवले, कारण येणारे मूल जसे असेल तसे आमचेच आहे. हा निर्णय सर्वांनीच घ्यावा असे मी म्हणणार नाही.

चंद्रपूरहून आई रोज विचारते, “बाळ हलतं का गं?” आज पहाटे, बल्लारशाकडे जाणारी मालगाडी दूरवर धडधडत असताना, ओटीपोटात पाण्यात मासोळी वळावी तशी काहीतरी हालचाल झाली. मी श्वास रोखून, हात ठेवून, पुष्कळ वेळ तशीच पडून राहिले. पुन्हा झाली.