दहाव्या लॅपला उरतात ते घोडे

बडोद्यात जानेवारीच्या पहाटे 15 अंशांना आणि मेच्या दुपारी 40 अंशांना टर्बोची एकच गाडी चालवून बघा. दोन वेगळ्या गाड्या चालवल्यासारखं वाटेल. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते, एवढंच त्यामागचं कारण. 1.2 बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या दाबाच्या साधारण 2.2 पट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 72 टक्के धरली, तर 40 अंशांनी आत गेलेली हवा बाहेर पडताना 150 अंशांच्या घरात असते. चांगला इंटरकूलर त्या वाढीतला तीन चतुर्थांश भाग काढून टाकतो, तरी इंजिनाच्या तोंडाशी 67 अंश उरतातच. जानेवारीत हाच आकडा 40 येतो. हवेच्या घनतेत त्याने आठेक टक्क्यांचा फरक पडतो, तो सोसता येतो. नॉकिंग सोसता येत नाही. तापलेल्या मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोचायच्या आतच स्वतःहून पेटला की पिस्टनच्या माथ्यावर हातोडा बसतो, आणि चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर तो मिनिटाला हजारो वेळा बसू शकतो.

हे सगळं सांगून झालं तरी समोरचा माणूस विचारतो, ‘पण घोडे किती निघतील?’

मी राहतो घडियाळी पोळेत, मांडवीच्या अलीकडे. आमच्या पोळेत स्कूटर वळवतानासुद्धा समोरच्याच्या ओट्यावर पाय टेकावा लागतो, त्यामुळे घरच्यांनी माझं काम कधी दारात उभं असलेलं पाहिलेलं नाही. वर्कशॉप मकरपुरा जीआयडीसीत. शिक्षण कलाभवनात. सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेल्या त्या संस्थेचं आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा असं लांबलचक नाव असलं, तरी बडोदेकर तिला कलाभवनच म्हणतात. दादासाहेब फाळके तिथे शिकले हे आम्हाला पहिल्या वर्षापासून ऐकवलं जायचं. टर्बोबद्दल मात्र अख्ख्या अभ्यासक्रमात दीड पान होतं. बाकीचं शिकवलं हालोलने. 1996 पासून जनरल मोटर्सच्या तिथल्या कारखान्यात ओपेल ॲस्ट्रा बनायला लागली. 2017 मध्ये जीएमने तो बंद केला, पुढे एमजीने घेतला. मधल्या वीस वर्षांत ‘आधी मोजा, मग पान्हा उचला’ ही सवय लागलेली फिटरांची एक पिढी या भागात तयार झाली. माझ्याकडचे दोन्ही हात तिथलेच.

टर्बो ही काही नवी चीज नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरचं पेटंट 1905 सालचं. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र तिने फजिती पुष्कळ करून घेतली. रेनॉने 1977 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरची टर्बो गाडी आणली, ती इतक्या वेळा वाफा आणि धूर सोडत बाजूला उभी राहिली की लोकांनी तिचं नाव ‘पिवळी किटली’ ठेवलं. 1979 मध्ये दिजाँला तीच मंडळी जिंकली. त्या दोन वर्षांत त्यांनी जे केलं ते माझ्या मते ताकद वाढवण्याचं काम नव्हतंच, उष्णतेला वाट काढून देण्याचं होतं.

आपल्याकडे गाड्यांची ताकद वाढवण्याचा छंद रुजवला तो आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग स्पर्धांनी, आणि घोटाळाही तिथूनच सुरू झाला. ड्रॅगची गाडी दहा-पंधरा सेकंद जळते आणि मग थंड व्हायला मोकळी. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एक फेरी 3.7 किलोमीटरची, सत्र वीस मिनिटांचं आणि समुद्राकडची दमट हवा. ड्रॅगमध्ये 400 घोडे देणारं इंजिन इथे चौथ्या फेरीला 220 वर येतं, कारण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, घाबरून इग्निशन मागे ओढतो. डायनोवर मोजलेल्या ताकदीचा कागद थंड गाडीचा असतो. लोक तो फ्रेम करून लावतात, इन्स्टावर टाकतात. मी गिऱ्हाइकाला दहाव्या लॅपचा लॉग दाखवतो. त्याने लोक नाराज होतात, काही परत येत नाहीत.

माझी आवडती गाडी अजूनही जुनी ऑक्टाव्हिया आरएस. 2004 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यातून निघालेली. 1.8 लिटर, सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, कारखान्यातून दीडशे घोडे. लोखंडी ब्लॉक, त्यामुळे खालची बाजू दणकट. कच्चा दुवा कनेक्टिंग रॉड. तो मोडतो जास्त आरपीएमला नव्हे, तर कमी आरपीएमला अचानक टॉर्क आला की वाकतो. म्हणून फोर्ज्ड रॉड टाकल्याशिवाय मी मोठा टर्बो बसवत नाही, आणि बसवला तरी बूस्ट हळूहळू चढेल असाच मॅप करतो. पाठीला धक्का बसत नाही म्हणून पोरं हिरमुसतात.

280 घोड्यांना मिनिटाला साधारण तेरा किलो हवा लागते. उन्हाळ्यात ती अकरा-बारा घनमीटर भरते, म्हणजे पोळेतल्या घराची माझी अख्खी खोली इंजिन मिनिटात पिऊन टाकतं. त्या हवेच्या वाटेत कुठेही सुईएवढं भोक असलं की हिशेब चुकतो. म्हणून नवी गाडी आली की आम्ही टर्बोच्या तोंडावर बूच लावतो, त्याला सायकलचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरने दीड बार हवा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. पंक्चरवाला करतो तेच. निम्मे आजार या फेसातच सापडतात.

उरलेल्या निम्म्यांतला एक सविस्तर सांगतो. सुरतेहून ट्रेलरवर अशीच एक आरएस आली. ट्रेलरवरच येणार, मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमापुढे अशा गाडीला रस्त्यावर जागा नाही. तक्रार अशी की चेन्नईच्या ट्रॅकवर पहिल्या दोन फेऱ्या झकास, मग चौथ्या गिअरमध्ये वरच्या आरपीएमला गाडी बसते. आधीच्या वर्कशॉपने टर्बो बदलला होता, मग वेस्टगेटची स्प्रिंग, मग एअर मास सेन्सर. बिलांची फाइल गाडीपेक्षा जड.

लॉग उघडला तर मागितलेलं बूस्ट 1.2 आणि मिळालेलं 1.2. म्हणजे टर्बो निर्दोष. पण लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, 0.80 वरून 0.90 कडे सरकत होता. पूर्ण बूस्टवर मिश्रण मुद्दाम पेट्रोलने जड ठेवतात, ते जादा पेट्रोल आतली उष्णता पितं. इथे पेट्रोल कमी पडत होतं, नॉक सेन्सर ओरडत होता आणि ईसीयू इग्निशन आठ-नऊ अंश मागे ओढत होता. गाडी ‘बसत’ होती ती त्यामुळे. बसत होती म्हणून वाचली, हेही खरं.

मी चारही प्लग काढून रुमालात गुंडाळून घरी आणले. आमच्या पोळेत सोन्याचांदीची दुकानं. खालच्या सोनारकाकांकडे दहा पट मोठं दिसणारं भिंग असतं, ते मी नेहमी मागतो. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, अगदी टोकाशी, राखाडी चमकते कण होते, रव्याहून बारीक. काकांनी भिंग माझ्या हातून घेतलं, प्लग दिव्याखाली फिरवला आणि म्हणाले, ‘ही चांदी नव्हे बरं का. पण धातूच आहे.’ धातूच होता. पिस्टनच्या माथ्याचं ॲल्युमिनिअम. इतके थोडे कण असले तर वेळ गेलेली नसते. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन दोन्ही चाचण्या बऱ्या आल्या.

मग पेट्रोल कुठे अडतंय? फ्युएल प्रेशर आयडलला तंतोतंत. इथेच बहुतेक जण फसतात. रेग्युलेटर मॅनिफोल्डमधल्या दाबापेक्षा तीन बार जास्त ठेवतो. आयडलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, त्यामुळे पंपाला अडीच बारचंच काम. बूस्टवर त्यालाच 4.2 बारच्या विरुद्ध ढकलायचं असतं, आणि दाब वाढला की पंप करंट जास्त ओढतो. म्हणजे उभ्या गाडीत ही परीक्षा होतच नाही. आम्ही रेग्युलेटरची नळी मॅनिफोल्डवरून काढली आणि तिला कॉम्प्रेसरने 1.2 बार हवा दिली. इंजिन आयडलला, पण पंपाला वाटतंय गाडी सरळ रस्त्यावर सुसाट आहे. प्रेशर 4.2 ला गेलं, मिनिटभर टिकलं आणि उतरायला लागलं.

बॅटरीवर 13.6 व्होल्ट, पंपाच्या टोकांवर 10.9. मल्टीमीटरची एक सुई पंपाच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. वायर धड असेल तर इथे शून्याजवळ आकडा दिसायला हवा, फार तर 0.2. दिसला 1.9. मागची सीट काढली. मोठा पंप बसवणाऱ्याने अर्थची वायर बॉडीला पत्र्याच्या स्क्रूने ठोकली होती, रंग न खरवडता. लगचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, बोट टेकवलं तर चटका. गरम झालं की रोध वाढतो, व्होल्टेज पडतं, पंप मंदावतो. तोवर टाकीतलं पेट्रोलही तापलेलं असतं आणि आत येणारी हवाही. म्हणून दोन फेऱ्या झकास आणि तिसरीला रडगाणं. जाड वायर थेट बॅटरीपासून, स्वतंत्र रिले आणि फ्यूज, अर्थ उघड्या धातूवर बोल्टने, लग नीट क्रिम्प केलेला. सोल्डर नाही, ट्रॅकच्या थरथरीत सोल्डरच्या कडेला तार तुटते. सगळा खर्च आधीच्या टर्बोच्या एखाद्या टक्क्याएवढा. मालकाला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला, आणि तो मला समजतो.

इंधनाचं एक वेगळंच प्रकरण झालंय. बडोद्याच्या उंबरठ्यावर कोयलीची रिफायनरी, 1965 पासून. पण इंडियन ऑइलने 2020 च्या डिसेंबरात 100 ऑक्टेनचं एक्सपी100 आणलं ते मथुरेहून. ते महागडं पेट्रोल मी ट्रॅकच्या दिवसापुरतं सुचवतो, आणि मॅप त्यावर कधीच बेतत नाही. एखाद्या गावात ते मिळालं नाही तर मालक साधं भरणार, मला माहीत आहे. इथेनॉलबद्दल लोक फार चिडतात. रोजच्या गाडीच्या सरासरीवर ई20 चा परिणाम होतो, हे खरंच. टर्बोच्या ट्रॅक गाडीत मात्र इथेनॉल वाईट नाही. ते बाष्प होताना उष्णता शोषतं, नॉकिंगही उशिरा येतं. अट एवढीच की 14.7 ला एक हा हवा-पेट्रोलचा पाठ केलेला हिशेब सोडायचा, कारण ई20 ला तो साधारण साडेतेराला एक होतो. इंजेक्टर आणि पंप त्या जादा पेट्रोलाला पुरतात का बघायचं, आणि वीस वर्षं जुन्या रबरी नळ्या आधी बदलायच्या. फुटलेल्या नळीतून तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल उडालं तर अग्निशामक हाताशी असूनही उपयोग होईलच असं नाही.

सुरतेची गाडी परत चेन्नईला गेली. लॅम्डा शेवटच्या फेरीपर्यंत 0.81 ला चिकटून. लॉगमध्ये आता नवीच रेघ दिसते. उजव्या लांब वळणात तेलाचा दाब क्षणभर खाली जातो आणि सत्राच्या अखेरीला तेल 135 अंशांना पोचतं. या इंजिनाचं ऑइल पॅन लहान, वळणात तेल एका कडेला पळतं आणि पिकअप उघडा पडतो. बॅफल घातलेलं पॅन मकरपुऱ्यातच बनवायला दिलंय. पिकअपची जाळीही काढून बघणार आहे, कारण या इंजिनांत तिथे काळा गाळ साचतो. मालकाचा परवा फोन होता. एवढी छान चालतेय तर अजून तीस घोडे बसवू या का, विचारत होते. मी त्यांना ऑइल कूलरचं कोटेशन पाठवलं आहे.