कठडा नसलेली विहीर

मे महिन्याची सुट्टी लागली की कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत रौनक येते. मुंबई, मुंब्रा, कुवेत, दुबई अशा ठिकाणांहून माणसे गावी येतात. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपे निघतात. निकाह, वलीमे, आंबे-फणस, पाहुणे यांत दिवस कसे जातात ते कळत नाही. याच दिवसांत, आणि त्यामागोमाग येणाऱ्या पावसात, पाण्यात बुडून मुले दगावल्याच्या बातम्याही येतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी छापून येतात. मय्यत होते, जियारत होते, ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून लोक उठतात. ज्या विहिरीत मूल पडले, तिला कठडा बांधायचा मात्र राहूनच जातो.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा नवा हजेरीपट लिहिण्याचे काम आमच्याकडे असते. म्हणून या विषयावर लिहिणे आम्हाला आमच्या कामाचाच भाग वाटतो.

पाण्यात बुडणे हे एखाद्या घरावर कोसळलेले दुर्दैव, अशी आपली समजूत आहे. आकडे वेगळेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश ५ वर्षांखालची बालके होती. आपल्या देशात २०२२ मध्ये बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांहून अधिक आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरवला. साथीच्या रोगाने एवढी मुले गेली असती, तर आपण गप्प बसलो असतो का?

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो. खरे बुडणे बहुतेक वेळा मुके असते. ज्याचे तोंड पाण्याखाली-वर होते आहे, त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते. तो हाक कुठून मारणार? लहान मुलाचे तर विचारूच नका. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकून पाहते, तोल जातो, डोके खाली आणि पाय वर होतात, आणि स्वतःला उचलण्याइतके बळ त्याच्या हातांत नसते. नाक-तोंड बुडेल एवढे पाणी पुरते. आई पलीकडच्या खोलीत असली तरी तिला काही ऐकू येत नाही. चार-सहा मिनिटे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर मूल वाचले तरी पहिल्यासारखे राहील याची खात्री नसते.

आता आपल्या घरांकडे पाहू. नळाला एक दिवसाआड पाणी येते, म्हणून मोरीत पिंप, न्हाणीत भरलेल्या बादल्या, परसात सिमेंटची टाकी, अंगणात झाकण सरकलेला हौद. पाणी साठवावेच लागते, पण झाकता येते. काम झाले की बादली पालथी घालता येते, न्हाणीच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावता येते. या गोष्टींना पैसा लागत नाही, सवय लागते.

पण सगळा भार आईवर टाकून चालणार नाही. नवरा आखातात, सासू आजारी, दोन लेकरे शाळेत आणि एक रांगते. सकाळी नऊपासून जोहरच्या अजानपर्यंत स्वयंपाक, धुणे, भांडी, पाणी यांत ती बाई एकटी असते. बांगलादेशात या प्रश्नाचा अभ्यास झाला, तेव्हा हेच दिसले. तळी-पुकुरांच्या त्या देशात लहान मुले बुडत होती ती बहुतेक घराजवळच, आणि तीही दुपारपूर्वी, घरातली माणसे कामात गुंतलेली असताना. तिथल्या गावांत मग ‘आंचल’ नावाची केंद्रे निघाली. गावातलीच एक प्रशिक्षित बाई सकाळचे चार तास एक ते पाच वर्षांची मुले सांभाळते, त्यांना खेळवते, शिकवते. एवढ्या साध्या उपायाने केंद्रात येणाऱ्या मुलांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणात घटले. पदराआड मूल सुरक्षित असते, तोच अर्थ या नावात आहे. आपल्या मोहल्ल्यात नमाज-कुराण शिकवणाऱ्या खाला आहेत, अंगणवाडी आहे. चार घरांनी मिळून सकाळचे चार तास मुलांवर एक डोळा ठेवायचा, हे आपल्याला अवघड का वाटावे?

मूल थोडे मोठे झाले की धोका घराबाहेर जातो. जुन्या विहिरी, ज्यांचा रहाट गेला आणि कठडा ढासळला. चिऱ्यांच्या खाणी, ज्यांतला दगड संपल्यावर मालक निघून जातो आणि पावसाचे पाणी मागे राहते. खाणीला उतार नसतो, सरळ तासलेल्या भिंती असतात. पोहता येणारा मुलगाही आत पडला तर वर चढायला पाय ठेवायला जागा सापडत नाही. नदीतले कोंड वरून शांत दिसतात. गावची मुले निदान त्यांची खोली ऐकून असतात. मुंबईहून सुट्टीला आलेल्या मुलाला ती कोण सांगणार?

खाडी आणि समुद्र यांचे गणित आणखी वेगळे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल ज्या वेळी वाळूवर खेळलो, त्याच वेळी आठवड्याने तिथे माणूसभर पाणी असू शकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. ओहोटीला पाणी लांबवर मागे जाते आणि भरतीला तितक्याच जोराने परत येते. आता आपल्याकडे एक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. रमजान ईद शव्वालच्या पहिल्या चांदला येते, म्हणजे अमावास्येला लागूनच. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवे कपडे घालून टेम्पो भरभरून माणसे समुद्रावर जातात, आणि ते नेमके उधाणाचे दिवस असतात. आपण चांद पाहतो, त्याची बातमी गावोगाव पोचवतो. तोच चांद पाणीही ओढत असतो, हे मुलांना सांगत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. शिकलेली मुले होती ती. समुद्र समजणे हे वेगळे शिक्षण आहे आणि ते कुठल्याच वर्गात मिळत नाही.

एकदा सहावीच्या वर्गात आम्ही विचारले, पोहता कुणाकुणाला येते? मुलांपैकी निम्म्यांनी हात वर केले. मुलींच्या बाकांवर एकच हात वर आला. तिला विचारले, कुणी शिकवले? म्हणाली, “दादीने. दादी खाडीत कालवे काढायला जायची.” वर्ग हसला, ती मुलगी ओशाळून खाली बसली. आम्ही तिला पुन्हा उभे केले आणि वर्गाला म्हटले, उद्या यांच्यापैकी कुणी खाडीत पडले, तर काय करायचे ते हिला ठाऊक आहे. तुम्हाला आहे का? मग कुणी हसले नाही.

पूर्वी पाठीला रिकामा डबा बांधून बाप नाहीतर मामा मुलाला विहिरीत उतरवायचा. आता बाप आखातात, मामा मुंबईत. ती विद्या एका पिढीत तुटली. मुलींच्या बाबतीत तर ती मर्यादेच्या नावाखाली आधीच थांबली होती. पण पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही. अंगभर कपड्यांत, आडोशाच्या जागी, बायकांनी मुलींना शिकवायला कुणाची हरकत असावी? मुलांना पोहायला शिकवा, हा सल्ला हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. ‘मुले’ या शब्दात मुली येत नाहीत, असे आम्हाला तरी वाटत नाही.

राहिला तकदीरचा प्रश्न. बुडून मरणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे, अशी हदीस आहे. ज्या आईचे मूल गेले, तिच्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. पण तो दिलासा तिचा आहे. कठडा न बांधणाऱ्यांनी त्याच्या आड लपू नये. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवणही आपलीच आहे. उर्दूच्या तासाला आम्ही तकदीर आणि तदबीर हे शब्द जोडीनेच शिकवतो. समाजाने त्यांतला एकच पाठ केला आहे.

एक बुडतो आणि त्याला वाचवायला उडी घेणारा दुसराही जातो, असे किती वेळा ऐकतो आपण! सख्खे भाऊ, मायलेकी. म्हणून मुलांना हे घोकून शिकवायला हवे: पाण्यात उडी घेऊ नका. आधी ओरडून माणसे जमवा. काठी पुढे करा, दोरी फेका, ओढण्या एकमेकींना बांधून फेका, बूच लावलेला रिकामा कॅन फेका. आणि बाहेर काढल्यावर मुलाला उलटे टांगू नका, पोट दाबू नका, मिठात ठेवू नका. यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्यावेच. हे वाचून येत नाही, हाताने करून शिकावे लागते. गावातल्या आरोग्य केंद्राला विनंती केली, तर शाळेत किंवा जमातखान्यात येऊन शिकवणारे कुणीतरी मिळेल.

जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सांगते, तेही याहून फार निराळे नाहीत. पाण्याला आडोसा, लहान मुलांसाठी सुरक्षित जागा, मोठ्या मुलांना पोहणे, आणि गावकऱ्यांना प्राण वाचवण्याचे शिक्षण. यातले बहुतेक आपल्या जमातीच्या हातात आहे. मशिदीला संगमरवर बसवण्यासाठी आपण आखातातून वर्गणी आणतो. त्यातून गावातल्या चार विहिरींवर लोखंडी जाळी सहज बसेल. मशिदीत नमाजच्या वेळांचा तक्ता असतो, त्याच्या शेजारी भरती-ओहोटीच्या वेळा लावता येतील. ईदच्या दिवशी इमामसाहेबांनी खुतब्याआधी दोन मिनिटे उधाणाची सूचना दिली, तर ती आमच्या दहा तासांपेक्षा जास्त पोचेल. जेटीवर एक दोरी आणि एक हवा भरलेली ट्यूब टांगून ठेवावी. ती चोरीला जाईल, असे लोक म्हणतील. गेली तर दुसरी टांगावी.

शाळेकडून जे होईल ते आम्ही करू. सुट्टी लागण्याआधी मुलांकडून मोहल्ल्यातल्या उघड्या विहिरी, टाक्या आणि खाणी यांची यादी करून घ्यायची आणि ती जमातीच्या सदरसाहेबांच्या हातात द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. यादी मुलांच्या अक्षरातली असेल, शुद्धलेखनाच्या चुकाही असतील. जमातीने ती सभेत मोठ्याने वाचावी आणि पहिली जाळी पाऊस पडायच्या आत बसवावी, एवढीच आमची विनंती आहे.